आधी सिगरेटवाल्याला पेटवा

कॉम्प्युटर स्वयंपाकघरातच ठेवलाय,
चुलीपासून दोन हातांवर, कारण मे महिना लागला की
पांगिपुयीच्या तळ्यावरची ओल दुसऱ्या खोलीत शिरते.
ग्राफिक्स कार्ड ओसोर्नोच्या एका पोराकडून घेतलं, वापरलेलं,
खेळून खेळून त्याचा एक पंखा खरखरतो.
मांजर आता चुलीपाशी जात नाही,
डब्यावरच झोपतं.

आईला, एदुविहिसला, अक्षरं दिसत नाहीत.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वाल्दिव्हियाच्या दवाखान्यात
नंबर लावून चौदा महिने झाले.
पडद्याखालच्या ओळी म्हणजे तिला पांढऱ्या मुंग्या.
आणि तो यॉर्कशायरचा म्हातारा, थ्वेट आडनावाचा,
मधमाश्यांवर बोलतो फक्त इंग्रजीत,
तेही तोंडात वाटाणे धरल्यासारखं.

म्हणून जेवणं झाली की मी यंत्राला जुंपतो.
एक प्रोग्राम ऐकून लिहितो,
दुसरा ते स्पॅनिशमध्ये वळवतो,
तिसरा बोलतो, थ्वेटच्याच गळ्यातून.
एकसष्ट टक्क्यांवर चुलीत लाकूड सारायचं,
हे आता पाठ झालंय.

पहिल्या रात्री थ्वेट म्हणाला,
"पेटी उघडण्याआधी सिगरेटवाल्याला पेटवा."
आईच्या हातातला पेला हिंदकळला.
"कुणाला?"
धुराच्या डब्याबद्दल बोलत होता बिचारा.
त्यांच्याकडे दोघांना एकच शब्द.
मग म्हणाला, "आता वर एक झकास ठेवा."
मग, "फणी उजेडासमोर धरा."
आईने केसांतली फणी काढली,
शिंगाची, दोन दात तुटलेली,
आणि दिव्यासमोर धरली.
थट्टा करत होती की खरंच, मला कळलं नाही.
मी जरा उशिराच हसलो.

यादी केली शब्दांची: धुराडं, पोळं, मधाची वरची पेटी.
यंत्राला पढवली. झालं.

मग दुसरी पंचाईत. आमची भाषा लांब.
त्याचं वाक्य संपून जातं,
आमचं अजून चपला शोधत असतं.
यंत्र मग थ्वेटला पळवतं.
साठ वर्षं पेट्यांपाशी सावकाश वावरलेला माणूस
बस सुटत असल्यासारखा बोलू लागला.
"डसतील याला," आई म्हणाली, "इतकी घाई करतो."
मी आवाजाला त्याची चाल परत दिली, चित्र ताणलं.
आता माश्या जड उडतात थोड्या,
चौकटीकडे जाणारा त्याचा हात
मध्येच शब्दासाठी थांबतो.

तिसऱ्या रात्री तिने विचारलं, "माश्या कुठायत?"
पडद्यावर आहेत की, हजारो.
"पिवळं काहीतरी दिसतंय मला. त्यांचा आवाज कुठाय?"
बोलणं वेगळं काढताना यंत्राने बाकी सगळं
गोंगाट म्हणून बाजूला फेकलं होतं.
फोल्डरात सापडलं, 'उरलेलं' नावाच्या फाइलीत.
तेवढंच लावलं मी.
वारा. झाकण सरकल्याचा आवाज. लांब कुठेतरी एक मेंढी.
आणि त्या.

आईने पेला खाली ठेवला,
मान तिरकी केली, जशी करायची उल्मोच्या फुलोऱ्याखाली
आमच्या सात पेट्या होत्या तेव्हा.
मागच्या हिवाळ्यात तांबड्या किडीने सातही नेल्या.
बराच वेळ गेला.
"राणी नाही या पेटीत," म्हणाली. "रडतायत."

मी सगळं पुन्हा जोडलं, दोन वाजले निजायला.
सकाळी पाव खाता खाता पाहिलं:
अकराव्या मिनिटाला थ्वेट थांबतो, टोपी मागे सारतो
आणि आमच्या भाषेत, जरा अडखळत, म्हणतो
की त्याला वाटतं, राणी गेली.
"उशीर केला," आई म्हणाली, पावाला लोणी लावत.

पुढचा व्हिडिओ मार्चचा आहे.
त्याच्या मार्चमध्ये फुलं यायला लागतात,
आमच्या मार्चमध्ये मध काढून झालेला असतो.
यंत्र मार्चला मार्चच म्हणतं,
आई बोटांवर सहा महिने पुढे मोजते.
आत्ता विचारतेय, हे उलटं चालतं का,
इकडून तिकडे. तिला त्या पेटीबद्दल काही सांगायचंय त्याला.
चालत असेल.
मायक्रोफोन शोधतोय मी,
मांजराखाली आहे.